एकाच रस्त्यावरची लढाई

श्रीनिवास गद्रे मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर दुसरं महायुद्ध लढून दाखवलं होतं. आम्ही नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. तीन घरं सोडून एक मराठी कुटुंब राहतं असं कळलं, म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं. पिठलं वाढेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझ्या नवऱ्याला, प्रसन्नला, विचारायची हुक्की आली की इथे युद्धात नक्की काय झालं होतं हो? श्रीनिवासच्या बायकोने, कुमुदिनीने, कपाळाला हात लावला. "झालं! आता भात गार होणार," ती म्हणाली.

त्याने माझे चमचे एकापुढे एक मांडले. हा रस्ता. त्यावर तीन वाट्या ठेवल्या. हे पूल. शेवटची लोणच्याची वाटी म्हणजे आर्नहेम. सप्टेंबर चव्वेचाळीस. दोस्तांचे सैनिक विमानांतून उड्या मारून पूल धरणार, आणि बेल्जियमच्या सीमेवरून रणगाडे या रस्त्याने वर येऊन त्यांना गाठणार. शेवटच्या पुलावरच्यांना सांगितलेलं, दोन दिवस तग धरा, आम्ही पोचतोच.

"मग?" प्रसन्न म्हणाला.

"मग ट्रॅफिक जॅम!" श्रीनिवासने चमच्यावर चमचा आपटला. "रस्ता एकच! दोन्ही बाजूंना ओली शेतं, खाली उतरायची सोय नाही. पुढचा ट्रक पेटला की मागचे हजार ट्रक उभे. अहो, माझ्या ऑफिसात असा प्लॅन कुणी आणला तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवेन."

ब्रेडाच्या एका मालवाहतूक कंपनीत तो ट्रकांचं नियोजन बघायचा. त्यामुळे त्याच्या लेखी जगातलं प्रत्येक युद्ध म्हणजे वेळेवर न पोचलेला माल. शौर्य, देशभक्ती असले शब्द त्याच्या तोंडी कधी आले नाहीत. कोणाची रसद कुठे अडली, कोणता मित्रदेश कोणाच्या भरवशावर राहिला आणि कोण किती उशिरा पोचला, एवढंच तो सांगायचा, आणि ते इतकं रंगवून सांगायचा की ऐकणारा भुकेला असला तरी उठत नसे. "दहा हजार माणसं या लोणच्यात उतरली," तो म्हणाला, "नदी ओलांडून परत आली दोन-सव्वादोन हजार." आणि त्याने लोणच्यात बोट बुडवून चाटलं.

आम्ही हसलो. मी तर पोट धरून हसले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्यानंतर आमच्या मराठी मंडळात त्याची सहल सुरू झाली. दर सप्टेंबरात एक बस भरायची. आइंडहोव्हनहून चिपच्या कारखान्यांतले इंजिनिअर बायकामुलांसह यायचे. सीमेपासून आर्नहेमपर्यंत तो सगळा रस्ता आम्ही चिवडा खात पालथा घालायचो आणि श्रीनिवास माइक घेऊन पुढे उभा. "उजवीकडे बघा, इथे अकरा तास खोळंबा!" बसमधली पोरं टाळ्या वाजवायची. त्या पोरांत त्याची जुई सगळ्यांत पुढे. चष्मा लावलेली, काडीसारखी पोर. मराठी तिला सगळं कळायचं पण उत्तर डचमधून नाहीतर इंग्रजीतून. युद्धाच्या गोष्टी मात्र ती बापाशी मराठीत बोलायची. "रसद", "माघार", "बगल" असले शब्द तिच्या तोंडून ऐकताना कुमुदिनी वैतागायची. "हिला वरणभाताला काय म्हणतात ते सांगता येत नाही आणि बगल देता येते!"

जुई दहा वर्षांची असतानाची सहल मला पक्की आठवते. आर्नहेमजवळच्या सैनिकी दफनभूमीत आम्ही फिरत होतो. पांढऱ्या दगडांवर नाव, पलटण आणि वय. एकोणीस. बावीस. एकवीस. जुई एका दगडापाशी बराच वेळ थांबली आणि तिने विचारलं, "बाबा, ह्याला माहीत होतं का रस्ता एकच आहे ते?"

"ह्याला नाही ग. पण ज्यांनी प्लॅन केला त्यांना माहीत होतं."

"आणि तरी पाठवलं?"

"पाठवावं लागतं," श्रीनिवास म्हणाला. त्याला पुढचा थांबा गाठायचा होता. बसवाला हॉर्न वाजवत होता.

त्याच वर्षी त्यांनी डच पासपोर्ट घेतले. आपल्या लोकांत पासपोर्ट बदलायचा तो व्हिसाच्या रांगा टाळायला. श्रीनिवासला नोकरीसाठी महिन्यातून दोनदा इंग्लंडला जावं लागायचं, दर वेळी कागदपत्रांची कटकट. त्याने अर्ज भरला आणि त्यातच लेकीच्या नावापुढे खूण केली. दोघींना त्याने समजावलं की नुसता सोयीचा प्रश्न आहे. आम्हीही पुढच्या वर्षी तेच केलं. कोणत्या देशाच्या कोणत्या करारांवर आपली सही होतेय, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. दोस्तराष्ट्रांच्या तहांवर दोन-दोन तास बोलणाऱ्या त्या माणसाच्याही मनात आला नाही.

जुई सतराची झाली आणि संरक्षण खात्याचं पत्र आलं. इथे ते सगळ्याच मुलामुलींना येतं. तुमचं नाव सक्तीच्या सैन्यसेवेसाठी नोंदलं गेलं आहे, तूर्त हजर व्हायची गरज नाही, एवढाच मजकूर. श्रीनिवासने त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, "गद्रे घराण्याची पहिली शिलेदार!" चाळीस हसरे चेहरे आले. त्यातला एक माझा. कुमुदिनीने पत्र ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवलं.

पाच महिन्यांनी जुईने दुसरा कागद आणला. तिला स्वतःहून सैन्यात जायचं होतं. अठराच्या आत असल्यामुळे पालकाची सही हवी होती.

त्या घरात दोन आठवडे काय चाललं होतं ते मला तीन घरं पलीकडे ऐकू येत नसलं तरी कळत होतं. कुमुदिनीने कागदाला हात लावायला नकार दिला. श्रीनिवास माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाला, "मी सही करणार आहे. डावपेच म्हणून."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ऐक तर. अडवलं तर ती सहा-सात महिने थांबेल, अठराची होईल आणि आपल्यावर डूख धरून जाईल. आत्ता सोडली तर सहा आठवड्यांत परत. तिला थंडी सोसत नाही, मांसाहार चालत नाही, चष्मा आहे. एक तर डॉक्टर नापास करतील, नाहीतर ती स्वतःच कंटाळेल. ही माघार आहे रूपाली, माघार म्हणजे हार नव्हे."

मला ते पटलं. आता खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, कर सही.

कुमुदिनी त्याला एवढंच म्हणाली, "तुझ्या नकाशावरच्या माणसांना आया नसतात, श्रीनिवास." हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्याने सही केली.

डॉक्टरांनी चष्मा चालवून घेतला. थंडी जुईला सोसली. सहा आठवड्यांनी ती घरी आली ती खांदे रुंद झालेली, केस बारीक कापलेली आणि इतकी आनंदात की तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने रसदीची तुकडी मागून घेतली होती. दहा टनी ट्रक चालवायला शिकत होती. "बाबा, मी तुझंच काम करते आहे," ती म्हणाली, "फक्त माझे ट्रक हिरवे आहेत." श्रीनिवास हसला. मग चप्पल न घालता मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

सैन्यातलं पहिलं वर्ष संपल्यावर तिने चार वर्षांचा करार केला. आणि मग तिची तुकडी लिथुआनियाला निघाली.

इथे मला दोन वर्षं मागे जायला हवं. युक्रेनचं युद्ध लांबत चाललं होतं. मंडळात सगळे घाबरले होते आणि श्रीनिवासने एका रविवारी नाटोवर भाषण दिलं. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, हे कलम त्याने समजावून सांगितलं. कुणीतरी विचारलं, पण ऐन वेळी मोठे देश शेपूट घालणार नाहीत कशावरून? त्यावर तो खूश झाला. त्याला हाच प्रश्न हवा होता. "म्हणून तर पूर्वेच्या सीमेवर थोडी थोडी माणसं ठेवली आहेत. थोडे जर्मन, थोडे डच, थोडे नॉर्वेचे. ती माणसं शत्रूला अडवू शकत नाहीत, तेवढी ती नाहीतच. ती दाराला बांधलेली घंटा आहे. दार ढकललं की आधी घंटा तुटते. आणि आपली माणसं मेली की कोणत्याही सरकारला घरात बसता येत नाही." केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. लोकांना धीर आला होता. जुई मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

तर ती आता त्या घंटेत होती.

जाण्याआधी ती आमच्याकडे जेवायला आली होती, आईबाबांबरोबर. त्या रात्री टेबलावर कुणी चमचे मांडले नाहीत. श्रीनिवासने तिला फक्त एकच विचारलं, पोलंडकडून तिकडे जायला रस्ते किती, आणि तो प्रश्न त्याला उत्तर माहीत असूनच विचारला होता.

"दोन मोठे रस्ते. एक रेल्वे. पासष्ट किलोमीटरची पट्टी, एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला बेलारूस," जुई म्हणाली.

"आर्नहेमला एक होता," श्रीनिवास म्हणाला. "ऐंशी वर्षांत एका रस्त्याची प्रगती."

"बाबा, त्या मुलांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. दॅट्स बेटर, नाही का?"

कुमुदिनी उठून भांडी विसळायला गेली. माझ्याकडे डिशवॉशर आहे, तिला ठाऊक आहे. ती नळ सोडून तिथेच उभी राहिली.

जुई लिथुआनियाला गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीनिवासने ऑफिसला जाणं बंद केलं. नोकरी सोडली नाही, घरून काम करू लागला. ज्याने करोनातसुद्धा कुरकुर करून ऑफिस उघडायला लावलं होतं, तो माणूस आता सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत घरात. टेबल त्याने वरच्या खोलीतून खाली आणून रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लावलं. इथे खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही, त्यामुळे येणाराजाणारा त्याला बघायचा. शाळेची पोरं सायकलवरून हात करायची. मी एकदा चेष्टाही केली, "काय रे, दुकान टाकलंस की काय?"

तो हसला नाही. दुपारी, कुमुदिनी कामावर असताना, सुपरमार्केटात मला गाठून त्याने सगळं सांगितलं, तांदळाच्या पिशव्यांपाशी उभं राहून.

तिकडे जाण्याआधी प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. काही झालं तर कुणाला कळवायचं. जुईने एकट्या बापाचं नाव घातलं होतं. त्याने विचारलं, आईचं का नाही? तर म्हणाली, "आईला तू सांग. तुला प्लॅन समजतो. तिला तो समजावून सांगायला कुणीतरी लागेल ना?"

"एवढ्या शांतपणे म्हणाली ग," श्रीनिवास म्हणाला. "पिनकोड बरोबर आहे ना असं विचारावं तशी." त्याच्या हातात तांदळाची पिशवी होती, ती त्याने परत ठेवली, पुन्हा उचलली. "ते फोन करत नाहीत. घरी येतात. दोघं. गणवेशात. तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. मी ऑफिसात असलो आणि ते घरी आले तर दार कुमुद उघडेल. दारात दोन माणसं बघितली की तिला... मला तिच्याआधी दाराशी पोचायचंय, बस. दार उघडण्यापासून आतल्या खोलीपर्यंत नऊ पावलं आहेत. तेवढा वेळ तरी मला मिळेल. कुमुदला यातलं काही कळता कामा नये."

मी त्याला काय सांगणार होते? सगळं ठीक होईल म्हणाले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते पुन्हा म्हणाले नाही.

मला राग येतो. त्याचा येतो, माझा येतो, टाळ्या वाजवणाऱ्या त्या बसभर माणसांचा येतो. सतरा वर्षं आम्ही त्या पोरीला लढाया गोष्टींसारख्या भरवल्या आणि तिने त्या मनापासून ऐकल्या, आमच्याइतक्या उडतउडत नाही. तिची काय चूक?

जुई तिकडे गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत श्रीनिवास वाळला. बातम्या बघायचा नाही. सप्टेंबरची सहल त्याने रद्द केली. यतीन नावाच्या एका नव्या मुलाने ग्रुपवर विचारलं, सर, या वर्षी आर्नहेम नाही का? उत्तर नाही. कुमुदिनीचं त्याच्याशी बोलणं कामापुरतं. पण तीही बदलली होती, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती पाळणाघरात नोकरी करायची, तिथले दिवस तिने कमी केले. बुधवारचा योगाचा वर्ग सोडला, गुडघा दुखतो म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव, तर म्हणाली, बघू.

नोव्हेंबरात जुईचा मेसेज आला, मोठा सराव आहे, चार दिवस फोन बंद. चार दिवस झाले. पाच झाले. बातम्यांत सीमेवर ड्रोन दिसल्याचं काहीतरी सांगत होते, रोजच सांगतात. सहाव्या दिवशी शनिवार होता. मी प्रसन्नला म्हटलं, चल, त्या दोघांना ओढून बाहेर काढू, नाहीतर खिडकीत बसून वेडे होतील.

बाहेर भुरभुर होती. आम्ही दोघांनी रेनकोट चढवले. गडद निळे, एकसारखे, एकावर एक सवलतीत घेतलेले. टोप्या पुढे ओढल्या आणि वारा चुकवायला मान खाली घालून निघालो. मला त्या क्षणी काही म्हणजे काही सुचलं नाही. सगळं माहीत असलेली मी एकटीच होते आणि माझ्या डोक्यात फक्त त्यांना कुठे न्यायचं एवढंच चाललं होतं.

बेलवरून बोट उचलायच्या आत दार उघडलं. श्रीनिवास चौकट धरून उभा होता. वाचायचा चष्मा नाकावर, दुसरा हात पाठीमागे नेऊन त्याने आतलं दार लोटून घेतलं होतं. त्याने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडे बघत तो डचमध्ये, अतिशय अदबीने म्हणाला, "सांगा. मी तिचे वडील."

मी टोपी मागे सारली. "श्रीनिवास, अरे मी आहे. रूपाली. आम्ही आहोत."

त्याला ते पोचायला वेळ लागला. आणि तेवढ्यात लोटलेल्या दाराआडून कुमुदिनीचा आवाज आला. अगदी सरळ, कापरा वगैरे नाही. कोण आलंय, असं तिने विचारलं नाही.

"किती जण आहेत?" तिने विचारलं.

श्रीनिवासने डोळे मिटले. मी त्याला वीस वर्षं ओळखते, पण त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

"दोघं," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पण आपलेच आहेत, कुमुद. आपलेच आहेत."

आतलं दार उघडलं. ती पलीकडे अगदी दाराला लागून उभी होती, हात कडीवर.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"टेबल खाली आणलंस त्या दिवसापासून," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला आधी पोचायचंय तर पोचू दे."

आम्हाला आत बोलावलं. मी माफी मागायला लागले तर कुमुदिनीने मला गप्प केलं आणि चहा टाकला. बाहेर जायचं नाव कुणी काढलं नाही. फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला होता, तो वाजला नाही. चहा झाल्यावर श्रीनिवास उठून खिडकीशी बसला. कुमुदिनीने कप विसळले, हात पुसले आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेऊन त्याच्या शेजारी मांडली.